लव्हाळ्याचा राखणदार

सेनोनने पहिला माणूस मारला, तेव्हा त्याला कुणी खुनी म्हटलं नाही. उलट त्याच्या गावाने त्याला खांद्यावर बसवून मिरवलं.

त्याचं गाव उत्तरेकडच्या डोंगरात. तिथे मे महिन्यात क्रुसाच्या सणाला वरच्या पाड्याचे आणि खालच्या पाड्याचे लोक चर्चपुढच्या चौकात समोरासमोर येतात आणि मुठींनी लढतात. डोक्यावर कच्च्या कातड्याची टोपी, कमरेला रुंद पट्टा, बाकी संरक्षण काही नाही. जमिनीवर रक्त सांडलं की पाचामामा, म्हणजे आमची भुई, तृप्त होते आणि बटाटा भरभरून देते, अशी त्यांची श्रद्धा. सेनोन तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने एका आडदांड माणसाच्या कानशिलावर ठोसा लगावला. तो माणूस चर्चच्या दगडी पायरीवर आडवा झाला आणि परत उठलाच नाही. पोलीस आले, मक्याची दारू प्याले, निघून गेले. मेलेल्याच्या आईनेसुद्धा तक्रार केली नाही.

“त्या वर्षी बटाटा खरंच चांगला आला, ताता,” असं तो मला एकदा म्हणाला होता. “पण माझ्या घशाखाली उतरेना.”

ताता म्हणजे बाबा. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला असंच म्हणतात.

घशाखाली उतरेना म्हणून तो गाव सोडून खाणीत गेला. आमच्या चल्लाकोटा तळ्यात येणारा ओढा ज्या खाणीतून निघतो, तीच ही खाण. कथील, शिसं, जस्त निघतं तिथे. खाणीच्या बाजारात आमच्या आसुंता म्हातारीची मुलगी प्रिमितिवा चीज विकायला जायची. हा रोज चीज घ्यायला लागला. पुढे त्याच्याबरोबरच्या कामगारांनी मला सांगितलं की त्याला चीज मुळीच आवडत नव्हतं, तो ते त्यांना वाटून टाकायचा. लग्न झालं आणि सेनोन घरजावई होऊन आमच्या गावात आला.

घरजावयाला आमच्याकडे फार मान नसतो. त्यात हा डोंगरातला, आमची आयमारा भाषा तोंडात खडे धरल्यासारखी बोलणारा. प्रिमितिवाचा थोरला भाऊ उल्दारिको त्याला भर जेवणात ‘आमचा डोंगरी’ म्हणायचा आणि लोक हसायचे. सेनोनही हसायचा. त्याच्या मुठी मात्र टेबलाखाली असायच्या. त्याचा इतिहास गावाला ठाऊक होता. त्यामुळे चेष्टा करणारा माणूस हात पोचणार नाही इतक्या लांब बसूनच करायचा.

आमचं सगळं आयुष्य तोतोऱ्यावर. तोतोरा म्हणजे तळ्यात पुरुषभर उंच वाढणारा लव्हाळा. त्याची छपरं, त्याच्या चटया, त्याच्या होड्या. गाई छातीभर पाण्यात उभ्या राहून तोच खातात. आणि त्याचा बुडातला पांढरा कोंब सोलून पोरं उसासारखा चघळतात. मीही चघळलेला आहे. गोडसर लागतो.

सेनोनची मुलगी नार्दा ओढ्याच्या तोंडाशी खेळायची आणि तिथलाच कोंब खायची, कारण घर तिथून जवळ. ती शाळेत जाण्याच्या वयाची झाली तेव्हा तिच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसू लागली. पोट दुखायचं, पाय वळायचे. मग झटके आले. एकदा तर शाळेच्या अंगणात ती अशी फडफडली की मास्तरांनी पाद्रीबुवांना बोलावणं धाडलं. सेनोनने तिला पाठीवर बांधून शहराच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, पोरीच्या अंगात शिसं भरलंय. पोरगी वाचली. पण पुढे तिचं बोलणं कायमचं अडखळत राहिलं, आणि बाप हाक मारी तेव्हा तीन हाका गेल्यावर ती मान वळवी.

त्या दिवशी परत आल्यावर सेनोन खाणीच्या कचेरीवर गेला. तिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याने दार उखडलं, दोन शिपायांना आडवं केलं आणि साहेबाची खुर्ची खिडकीतून बाहेर फेकली. साहेब खुर्चीत नव्हता, हे साहेबाचं नशीब. चार महिने सेनोन आत होता. खाण आहे तिथेच राहिली. खाणीच्या घाणीने लाल झालेला ओढा तसाच वाहत राहिला.

मग नोएमीबाई आल्या. विद्यापीठातल्या इंजिनिअर. तरुण बाई, आल्या आल्या सरळ गुडघाभर चिखलात उतरल्या. त्यांनी तोतोऱ्याची एक जुडी मुळासकट उपटली आणि आम्हाला मुळं दाखवली. तळ्याच्या पलीकडच्या तोतोऱ्याची मुळं पांढरी असतात. ह्यांच्यावर गंजासारखा तांबडा लेप होता. त्या म्हणाल्या, हे गवत पाण्यातलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ओढून घेतं आणि मुळांशी, बुडाशी धरून ठेवतं. म्हणजे ओढ्याच्या तोंडावर दाट तोतोरा लावला, तर तळ्यात विष कमी जाईल. आम्हाला आनंद झाला. पण त्या लगेच म्हणाल्या, धरून ठेवतं, संपवत नाही. तिथला तोतोरा दर वर्षी कापायचा, प्लास्टिक घातलेल्या खड्ड्यात पुरायचा. जनावराला नाही, छपराला नाही, चुलीला नाही. आणि तळाचा चिखल ढवळायचा नाही, कारण सगळं साठलेलं तिथंच असतं.

गावाच्या बायकांनी लावणी केली. बांध घातला, फाटक केलं. काही वर्षांत लव्हाळ्याचं हे रान इतकं दाट झालं की आत माणूस दिसेना. पलीकडचं पाणी निवळलं, मासे दिसू लागले, रोहित पक्षी किनाऱ्यापर्यंत येऊ लागले. आता राखणदार कोण, असा प्रश्न सभेत आला. सगळे एकमेकांचे सोयरे. मेव्हण्याच्या गाईला कोण हाकलणार, व्याह्याच्या पोराला कोण नाही म्हणणार? शेवटी आसुंता म्हातारीच म्हणाली, “माझा जावई ठेवा. त्याचं इथं कुणी नाही, आणि त्याला सगळे घाबरतात.”

सेनोन राखणदार झाला. त्याने बांधावर दगडांची खोपी बांधली. नार्दा त्याच्याजवळ बसून लोकर कातायची. ते दिवस त्याचे बरे गेले, असं मला वाटतं. तो बदकांना नावं द्यायचा. एका लठ्ठ बदकाचं नाव त्याने साहेब ठेवलं होतं.

मग दुष्काळ आला. ऐन आमच्या पावसाळ्यात, जानेवारीत पाऊस झाला नाही, फेब्रुवारीत झाला नाही. जून-जुलैच्या हिवाळ्यात तळं मागे सरकत गेलं आणि सप्टेंबरपर्यंत पलीकडचा सगळा तोतोरा वाळून काटक्या झाला. मेंढ्या आधी मेल्या. मग गाई बसायला लागल्या, आणि बसलेली गाय उठत नाही. गावात सगळीकडे गिधाडं आणि कुजका वास. साऱ्या पठारावर एकच जागा हिरवीगार होती, सेनोनच्या बांधामागची. खाणीचं पाणी दुष्काळ पाळत नाही. ते येतच होतं.

त्या वर्षी गावप्रमुखाची काठी माझ्याकडे होती. मी सभा बोलावली, नोएमीबाईंनाही बोलावून घेतलं. उल्दारिको उभा राहिला. त्याचं गोठ्यातलं धन डोळ्यांदेखत मरत होतं, आणि त्याचा चेहराही गाईंसारखाच हाडावर आला होता. तो नोएमीबाईंना म्हणाला, “बाई, हा पाला खाल्ला तर गाय कधी मरेल?”

बाई म्हणाल्या, लगेच मरणार नाही. काही महिने खाल्ला तर वासरं वेडीवाकडी होतील, दूध विषारी होईल, आणि ते दूध पोरं पितील.

“आणि नाही खाल्ला तर?”

“मग ह्या आठवड्यात मरेल,” उल्दारिको स्वतःच म्हणाला आणि खाली बसला. त्याचं खोटं नव्हतं. म्हणूनच सभेत हात मोजले तेव्हा ‘नाही’ म्हणणारे जेमतेम जास्त निघाले. त्या ‘नाही’त सेनोनचा हात होता, प्रिमितिवाचा होता. भावाने बहिणीचा हात वर गेलेला पाहिला.

दोन दिवसांनी उल्दारिको विळा घेऊन एकटाच बांधावर आला. सेनोन फाटकात उभा राहिला.

“दाजी, बाजूला हो.”

“सभेने नाही म्हटलंय.”

“सभा माझ्या गाई पाळत नाही. तू तर मुळीच नाही. माझ्या बापाच्या ताटात जेवतोस आणि मलाच दार अडवतोस?”

सेनोनने विळ्याचा हात धरला. उल्दारिकोने डोक्याने त्याच्या नाकावर धडक दिली. मग सेनोनने तो हात असा पिरगळला की मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज खाली धुणं धुणाऱ्या बायकांनी ऐकला. त्याने लगेच हात सोडला, आपल्या कमरेचा पट्टा काढून मेव्हण्याचं मनगट बांधू लागला. उल्दारिको त्याच्या तोंडावर थुंकला आणि चालू लागला.

त्यानंतर गाव दोन झालं. सेनोनच्या कुत्र्याला कुणीतरी खुरपं घालून मारलं आणि त्याच्या खोपीच्या दारात टांगलं. प्रिमितिवाला विहिरीवर बायकांनी ढकललं, तिची घागर फोडली. तिनेही एकीची वेणी मुठीला गुंडाळून तिचं डोकं विहिरीच्या कठड्यावर आपटलं. संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, ताता, माझा भाऊ उपाशी आहे आणि माझा नवरा बरोबर आहे, मी कुठे जाऊ? मी तिला भूक मारणारी कोकाची पानं दिली आणि आम्ही दोघं चघळत बसलो.

ऑक्टोबरात एका रविवारी भर दुपारी ते आले. उल्दारिको पुढे, हात गळ्यात बांधलेला. मागे पलीकडच्या काठची माणसं, त्यांच्या हातांत काठ्या, गोफणी, आणि मागून हाडांचे सापळे झालेले गाईबैल. दोघातिघांच्या कमरेला खाणीतून आणलेल्या सुरुंगाच्या कांड्या होत्या. फाटकावर सेनोन, प्रिमितिवा, काही बायका, दोन म्हातारे आणि मी. मी काठी आडवी धरून उभा राहिलो. एका माणसाने ती माझ्या हातातून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि माझ्या पायाशी टाकली. तो माझा चुलतभाऊ होता.

मग दगड सुरू झाले. गोफणीचा दगड येताना दिसत नाही, फक्त दोरी कडाडते. पहिल्याच माऱ्यात एका म्हाताऱ्याचा गुडघा फुटला. दुसरा दगड सेनोनच्या डाव्या डोळ्यावर बसला. त्याने हाताने डोळा झाकला, हात काढला, तळव्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागला. मी आयुष्यात खूप मारामाऱ्या पाहिल्या, पण तशी पाहिली नाही. एक माणूस आला की एक ठोसा. जबडा, बरगडी, पोट. पडलेल्याला तो दुसऱ्यांदा मारत नव्हता, त्याला ओलांडून पुढच्याकडे जात होता. त्याच्या गळ्यावरून रक्त सदऱ्यात उतरत होतं. बायका शेणाच्या गोवऱ्या, दगड, हाताला येईल ते फेकत होत्या. एकीच्या कानातलं कुणीतरी ओरबाडून काढलं, कानाची पाळी चिरली गेली.

तेवढ्यात कुणीतरी वात पेटवून कांडी लव्हाळ्यात भिरकावली. कदाचित फाटक उडवायचं असेल. ती पडली आतल्या पाण्यात. मोठा बार झाला आणि काळा चिखल उंच उसळून आम्हा सगळ्यांवर पडला. त्यात तांबडी मुळं होती, कुजक्या अंड्यांसारखा वास होता. बांधाला लागून उभे असलेले कुणाचे तरी दोन बैल पोटं फाटून आडवे झाले. बाकीची जनावरं आधी उधळली, फाटक मोडून आत घुसली, आणि आत गेल्यावर हिरवं दिसलं तशी उभी राहून खाऊ लागली.

त्या चिखलात उल्दारिकोने सेनोनला गाठलं. बाराने सेनोन बांधाच्या आत पाण्यात फेकला गेला होता, पाणी त्याच्या कानापर्यंत होतं. उल्दारिको त्याच्या छातीवर बसला आणि धड असलेल्या डाव्या हातात दगड घेऊन त्याच्या डोक्यावर घालू लागला. एकदा, दोनदा. सेनोनचे हात पाण्यात सैल पडले.

“उल्दा, सोड त्याला,” प्रिमितिवा बांधावरून म्हणाली. ती ओरडली नाही. लहानपणी आईने दोघांनाही ह्याच तळ्यावर गोफण शिकवली होती, बदकं मारायला. “उल्दा. तुला सांगते.”

त्याने हात पुन्हा उचलला. तिने गोफण डोक्यावरून एकदाच फिरवली. दगड उल्दारिकोच्या कानामागे बसला. तो दमल्यासारखा मागे टेकला, बहिणीकडे बघितलं, आणि तोंडावर पाण्यात पडला.

मग कुणी कुणाला मारलं नाही. सगळे जिथल्या तिथे उभे राहिले. गाई चरत होत्या, आणि त्यांच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता.

आसुंता म्हातारीला कुणीतरी घरून आणलं. तिने पाण्यात बसून मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, शालीच्या टोकाने त्याच्या तोंडातला चिखल काढला, भुवया पुसल्या. उल्दारिकोची बायको तेओफिला शेजारी उभी राहून स्वतःच्या हाताला चावत होती. मोडक्या काठीचा का होईना, मी गावप्रमुख होतो. मला विचारणं भाग होतं. मी विचारलं, दगड कुणाचा?

“माझा,” प्रिमितिवा म्हणाली.

सेनोन उठून बसला होता. एक डोळा गेलेला, कपाळाची कातडी लोंबत होती. “ती भ्रमिष्ट झालीये,” तो म्हणाला. “मी मारलं. मी ह्याआधीही मारलाय माणूस, सगळ्यांना माहीत आहे.”

ज्यांनी पाहिलं होतं ते म्हातारीकडे बघू लागले. ती बराच वेळ मुलाचे केस सारखे करत राहिली.

“जावयाने मारलं,” ती म्हणाली. “मी पाहिलं.”

तिचं घर टेकडीच्या पलीकडे होतं. तिथून तिला काहीच दिसलं नसणार. पण तिचं कुणी खोडून काढलं नाही. तेओफिलाने सासूकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मग जमाव पुन्हा माणसात राहिला नाही. सेनोनला पायांना धरून फुटबॉलच्या मैदानापर्यंत फरफटत नेलं आणि गोलच्या खांबाला बांधलं. काठ्या, लाथा, चाबूक. एकाने मोटरसायकलमधलं पेट्रोल डब्यात काढून आणलं आणि त्याच्या अंगावर ओतलं. त्याच्या उघड्या जखमांत पेट्रोल गेलं तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. मी त्या माणसाचा हात धरला, तर माझे दोन दात गेले. प्रिमितिवाला चार बायकांनी जमिनीवर दाबून धरलं होतं. ती ‘मी मारलं, मी मारलं’ म्हणत होती, आणि लोकांना वाटत होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं, की ती नवऱ्याला वाचवायला बोलतेय.

आसुंता म्हातारी मुलाचं प्रेत सोडून आली. तिचा घागरा चिखलाने जड झाला होता. ती सेनोनच्या पायाशी, पेट्रोलच्या थारोळ्यात, मांडी घालून बसली आणि म्हणाली, “पेटवा. पण मी उठणार नाही.”

ज्याच्या हातात काडेपेटी होती, त्याच्या जन्माच्या वेळी हिनेच नाळ कापली होती. त्याने काडेपेटी खिशात घातली. पोलिसांची गाडी येईपर्यंत ती तशीच बसून होती. मी जवळच तोंडातलं रक्त थुंकत होतो, म्हणून ऐकलं. ती हळूच म्हणाली, “जावई, मला दुसरी मुलगी नाही.”

“माहीत आहे, आई,” सेनोन म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा आई म्हटलं.

खटल्यात कुणीच वेगळं बोललं नाही. प्रिमितिवाने न्यायाधीशासमोर खरं सांगितलं, पण सख्ख्या आईची साक्ष उलटी होती. त्याला बऱ्याच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याला डोंगरातला पहिलवान म्हणून रोज कुणीतरी डिवचायचं. तो हात उचलायचा नाही, म्हणून आणखी मार खायचा. भेटीच्या दिवशी सासू आणि बायको एकाच बसने जायच्या, शेजारी बसायच्या, काळा वाळवलेला बटाटा आणि लामा नावाच्या आमच्या लोकरी जनावराचं सुकं मांस न्यायच्या. घरी मात्र आई मुलीशी कामापुरतंच बोलायची.

इकडे त्या बाराने इतक्या वर्षांचं मुळांशी धरलेलं सगळं विष तळ्यात मोकळं झालं होतं. नोएमीबाईंनी पाणी तपासलं आणि आमच्या तोंडाकडे न बघता आकडे सांगितले. महिनाभर रोहित पक्षी किनाऱ्यावर मरून पडत होते, पाय वाकडे, चोचीत चिखल. ज्या गाईंनी तो पाला खाल्ला त्यांतल्या पुष्कळ डिसेंबरच्या पावसापर्यंत जगल्या, हेही खरं. मग त्यांची वासरं मेलेली जन्मली, काही आंधळी जन्मली. लोकांनी गाई शहराच्या बाजारात विकल्या. ते मांस कुणी खाल्लं, देव जाणे. तेओफिला मुलाला, एदिलला, घेऊन लांब कोचाबांबा शहरात भावाकडे निघून गेली.

पावसाळ्यानंतर बायकांनी पुन्हा लावणी केली. ज्यांच्या नवऱ्यांनी त्या दिवशी गुरं हाकलून आणली होती, त्यांतल्याही काही आल्या. एकमेकींशी न बोलता रांगेत वाकून रोपं खोचत होत्या. बांधाची राखण प्रिमितिवाने घेतली. तिला कुणी नाही म्हटलं नाही, आणि तिच्या फाटकाजवळ कुणाची गायही आली नाही.

बऱ्याच वर्षांनी सेनोन सुटून आला तेव्हा केस पांढरे, एक डोळा मिटलेला, पुढचे दात नाहीत. त्याने सभेत येऊन सर्वांना नमस्कार केला आणि सांगितलं, मला राखणदारी नको, फक्त कापणीचं काम द्या. नार्दाने त्याला लगेच ओळखलं. तिने त्याची बाही धरली आणि कित्येक दिवस सोडली नाही.

कापणीचे दिवस होते. जून महिना, पाण्याच्या कडेला बर्फाची पापडी. सेनोन कापलेल्या तोतोऱ्याचे भारे खड्ड्याकडे वाहत होता. दुपारी एक ट्रक येऊन थांबला आणि एक दांडगा तरुण उतरला. मी चालण्यावरून ओळखलं, उल्दारिकोच. म्हणजे त्याचा मुलगा एदिल. हातात मोटरसायकलची साखळी होती.

त्याने सरळ साखळी फिरवली. पहिल्या तडाख्यात सेनोनचा गाल फाटला. भारा खाली पडला. दुसरा तडाखा मानेवर, तिसरा पाठीवर. सेनोन गुडघ्यांवर आला, पण हात त्याने मांडीवरच ठेवले. आम्ही धावलो तर एदिलने साखळी आमच्यावर फिरवली, एकाचं बोट तुटलं. नार्दा कान झाकून किंचाळत होती. “हात उचल,” एदिल त्याला म्हणत होता. “उचल की. तसाच मरणार का, कुत्र्या?”

प्रिमितिवा बांधावरून धावत आली आणि दोघांच्या मध्ये शिरली. साखळीचा एक फटका तिच्या खांद्यावर बसला. ती हलली नाही.

“तुझ्या बापाला मी मारलं,” ती म्हणाली.

“सरक, आत्या.”

“मी मारलं, एदिल. गोफणीने. तो ह्याचं डोकं ठेचत होता. मी दोनदा सांगितलं, त्याने ऐकलं नाही. ह्याने माझी शिक्षा भोगली. मारायचं तर इथं मार.”

एदिलने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे खाली बघत होतो, त्यातच त्याला कळलं असावं. तरी तो आजीच्या घरी गेला. मी मागे गेलो, न जाणो काय होईल म्हणून. म्हातारी उन्हात बटाटे निवडत होती. दृष्टी अधू झाली होती.

“आजी, कुणी मारलं त्याला?”

तिने हात थांबवले. “तुझ्या आत्याने,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले. एक मूल मेलं होतं, दुसरं राखलं. तुला माझा राग यायचा तर येऊ दे.”

एदिल तिच्यासमोर उकिडवा बसला. साखळीवरचं रक्त अंगणाच्या मातीत टिपकत होतं. थोड्या वेळाने तो उठला, साखळी कुंपणापलीकडे फेकली आणि ट्रक घेऊन निघून गेला. सेनोनच्या गालाला दवाखान्यात टाके घातले. कुणी मारलं, असं तिथे विचारलं तेव्हा पडलो म्हणाला.

पुढच्या वर्षी आसुंता म्हातारी गेली. निरोप कोचाबांबाला गेला होता, पण एदिल येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला. जमीन गोठलेली होती, फावडं लागेना. तो आणि सेनोन आळीपाळीने कुदळ मारत खड्डा खणत राहिले, दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. पेटी उचलताना पुढची दोन टोकं त्या दोघांच्या खांद्यावर होती. प्रिमितिवाशी तो बोलला नाही. अजूनही बोलत नाही. पण दर जूनमध्ये कापणीला ट्रक घेऊन येतो, भारे खड्ड्यापर्यंत नेतो. जेवायला तिच्या घरी जात नाही, माझ्याकडे येऊन उभ्याउभ्या जेवतो आणि निघतो.

सेनोन मागच्या ऑगस्टमध्ये वारला. छातीत खाणीची धूळ होती, शेवटी श्वास ओढताना त्याच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ व्हायच्या. त्याला उल्दारिकोच्या आणि म्हातारीच्या शेजारी पुरलं. जागा प्रिमितिवाने ठरवली. तेओफिलाला विचारलं होतं, तिने हरकत घेतली नाही.